गुहेतला म्हातारा

माणूस नक्की केव्हा म्हातारा होतो, या प्रश्नाचे उत्तर मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मिळाले. केस पिकले म्हणजे म्हातारपण येते, हे खरे नव्हे. आमच्या महाविद्यालयातल्या निम्म्या प्राध्यापकांचे केस बाटलीतून काळे होतात. चष्म्याचा नंबर वाढला म्हणजे येते, हेही खरे नव्हे. पोटचा मुलगा टीव्हीच्या पडद्यावरच्या एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थाकडे बोट दाखवून, "बाबा, हा अगदी तुमच्यासारखं बोलतो," असे म्हणतो, त्या क्षणी माणूस म्हातारा होतो. माझे वय ४७. दाढी मी रोज करतो. तरीही त्या क्षणी मी म्हातारा झालो.

त्याचे असे झाले. दिवाळीची सुट्टी लागली होती. आमचे चिरंजीव अकरावीत होते आणि सकाळपासून टीव्हीला जोडलेल्या त्या यंत्रापुढे मांडी ठोकून बसले होते. स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चालू होता. "अहो, जगाच्या पोरांना शिकवता, आपल्या पोराला दोन शब्द सांगा की!" असे म्हणून सौभाग्यवतींनी मला बाहेरच्या खोलीत पिटाळले. मीही चांगला प्राध्यापकी आवाज लावूनच गेलो. 'वेळेचे महत्त्व' या विषयावर माझ्याजवळ तयार मजकूर आहे. स्नेहसंमेलनापासून निरोपसमारंभापर्यंत तो मी सगळीकडे वापरलेला आहे. पण पाहतो तो काय, पडद्यावर दुसराच एक वृद्ध उपदेश करीत होता, आणि माझा मुलगा तो मुकाट्याने ऐकत होता! मत्सर वाटला, खोटे कशाला सांगू? असे काय हा सांगतो की जे मला सांगता येत नाही, ते पाहावे म्हणून मी खाली बसलो. स्वयंपाकघरातून दुसरे बोलावणे आले, तेव्हा दीड तास उलटून गेला होता.

त्या खेळाचे नाव 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. जपानच्या निन्तेन्दो कंपनीने तो २०१७ साली काढला. एक तरुण शंभर वर्षांच्या झोपेतून जागा होतो. त्याला मागचे काही आठवत नाही. गुहेतून बाहेर पडतो तो एका उंच पठारावर. चहू बाजूंनी तुटलेले कडे आणि खाली दूरवर पसरलेले सारे राज्य. हातात काही नाही. जवळच एका खडकाच्या आडोशाला शेकोटीपाशी एक म्हातारा बसलेला असतो. शेकोटीजवळ भाजलेले सफरचंद आहे. आपण न विचारता ते उचलले, तर म्हातारा आधी दटावतो आणि मग हसून 'घे' म्हणतो. त्याच्याजवळ कापडाचे एक शिड आहे. ते दोन्ही हातांनी धरून कड्यावरून उडी घेतली, म्हणजे माणूस घारीसारखा तरंगत खाली उतरतो. ते पाहिजे असेल, तर पठारावरच्या एका प्राचीन देवळातला ठेवा आणून दे, असा सौदा तो करतो. आपण जीव धोक्यात घालून एक ठेवा मिळवतो. तेव्हा हा लबाड म्हणतो, एक नव्हे, चार हवेत!

"पाहिलंत?" चिरंजीव माझ्याकडे वळून म्हणाले, "आधी एक सांगायचं आणि मग चार करायला लावायचं. बाबा, हा अगदी तुमच्यासारखं बोलतो."

उपदेश राहिला बाजूलाच. त्या दिवसापासून मी त्या म्हाताऱ्याच्या नादी लागलो.

आमच्या स्टाफरूममध्ये संगणकशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक आहेत. सुट्टी असली तरी उत्तरपत्रिकांसाठी आम्ही दोघेही दुपारी जात होतो. मराठीच्या माणसाने व्हिडिओ गेमविषयी विचारावे, याचा त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी गठ्ठा बाजूला सारून मला सगळी वंशावळच ऐकवली. तेव्हा कळले, की हा म्हातारा एकटा नाही. त्याचे मोठे गणगोत आहे. कुठे तो जादूगार असतो, कुठे जुना योद्धा, कुठे डोंगराच्या शिखरावर बसून चिंतन करणारा वयोवृद्ध ड्रॅगन. १९९८ सालच्या 'ओकारिना ऑफ टाइम' या खेळात तर तो घुबडाच्या रूपाने येतो. आपण घाईने कुठे निघालो, की हे घुबड वाटेत येऊन बसते आणि पुढे काय करायचे, कसे करायचे, हे सविस्तर समजावून देते. शेवटी आदबीने विचारते, पुन्हा सांगू का? कंटाळलेली पोरे भराभर कळ दाबत सुटलेली असतात. त्या घाईत नको ते उत्तर दाबले जाते, आणि घुबड पुन्हा पहिल्यापासून सुरू!

"सर, माझ्या पिढीतली पोरं अजून त्या घुबडाच्या नावानं दात खातात," ते म्हणाले.

२००४ सालच्या 'फेबल' या खेळातले गुरुजी याहून वरचढ आहेत. शिष्य दूर कुठे लढत असताना ते त्याच्या कानात सारखे बोलत राहतात, आणि त्याची प्रकृती खालावली आहे याची आठवण देतात. शिष्याच्या अंगात बाण रुतलेले असताना ही माहिती त्याला नवी नसते, एवढेच!

मी पोट धरून हसलो. पण घरी येताना स्कूटरवर एकटा असताना हसू ओसरले. तास संपायच्या पाच मिनिटे आधी, "कळलं का? की पुन्हा सांगू?" असे मी वीस वर्षे विचारीत आलो आहे. त्यावर वर्गातून "कळलं, सर!" असा एकमुखी गजर होतो. आपल्या शिकवण्याला मिळालेली ती पावती आहे, अशी माझी आजवर समजूत होती. तो गजर म्हणजे घाईघाईने दाबलेली कळ आहे, हे मला त्या घुबडाने शिकवले.

या घराण्याचा मूळपुरुष मात्र बोलका नव्हता. १९८६ साली जपानमध्ये 'द लेजेंड ऑफ झेल्डा' हा खेळ निघाला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या दोघांनी तो रचला. मियामोतो हे क्योतोजवळच्या सोनोबे गावचे. लहानपणी तिथल्या रानात हिंडताना सापडलेल्या गुहांचे कुतूहल त्यांच्या मनात घर करून राहिले होते. खेळ सुरू होतो तेव्हा नायक उघड्या माळावर उभा असतो. शेजारी एका गुहेचे काळे तोंड दिसते. आत गेलात, तर दोन जाळांच्या मध्ये एक म्हातारा उभा असतो. वाट धोक्याची आहे, एवढाच तो इशारा देतो आणि एक लाकडी तलवार पुढे करतो. बस्स! ना तुझे नाव काय म्हणून विचारतो, ना हजेरी घेतो. आपण तलवार घेतली, की तो दिसेनासा होतो.

आणि यातली मौज अशी, की त्या गुहेत शिरायची कुणावर सक्ती नाही. सरळ पुढे निघून जाता येते. कित्येक पोरे तशी गेलीही असतील आणि पहिल्याच वळणावर मार खाऊन परत आली असतील. म्हातारा बाहेर येऊन हाक मारीत नाही. तो आत उभा असतो, एवढेच.

आता प्रश्न असा, की या खेळांना म्हातारा लागतोच कशाला? याचे उत्तर फार व्यवहारी आहे. खेळ म्हटला, की त्याचे नियम कुणीतरी शिकवायला हवेत. कोणती कळ दाबली म्हणजे उडी, कोणती दाबली म्हणजे वार, हे पूर्वी खेळाबरोबर येणाऱ्या छापील पुस्तिकेत असे. पण पुस्तिका कोण वाचतो? अभ्यासक्रमाची पुस्तके वाचीत नाहीत, तिथे ही कोण वाचणार! तेव्हा ती पुस्तिकाच दाढी लावून कथेत आली. नायकाला तलवार धरायला शिकवता शिकवता म्हातारा खेळणाऱ्यालाही कळ दाबायला शिकवतो, आणि आपण शिकतो आहोत हे पोरांच्या लक्षातही येत नाही. अध्यापनशास्त्रावरची व्याख्याने मी पुष्कळ ऐकली आहेत. पण इतकी साधी युक्ती कुणी सांगितल्याचे आठवत नाही.

दुसरी गोष्ट मात्र मनाला लागते. हा म्हातारा टिकत नाही. १९९८ सालच्या 'बाल्डर्स गेट' या खेळात ग्रंथालयाच्या किल्ल्यात वाढलेला एक अनाथ आहे. त्याला सांभाळणारा गोरायन नावाचा वृद्ध त्याला रातोरात घेऊन बाहेर पडतो आणि पहिल्याच मुक्कामाआधी, त्याला वाचवताना मारला जातो. बहुतेक खेळांत हेच. कारणही उघड आहे. सगळे जाणणारा आणि सगळे करू शकणारा म्हातारा शेवटपर्यंत बरोबर राहिला, तर पोराने करायचे काय? गुरू दूर झाल्यावाचून खेळ सुरू होत नाही. आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होते. विश्वामित्रांनी रामाला बला आणि अतिबला या विद्या दिल्या, अस्त्रे दिली, मिथिलेपर्यंत सोबत केली. आणि लग्न लागल्यावर ते उत्तरेकडच्या पर्वताकडे निघून गेले. वनवासात ते कुठे भेटत नाहीत, लंकेच्या वेशीवर तर नाहीच नाही. ग्रीकांच्या महाकाव्यात तरुण टेलेमाकसला वाट दाखवणारा वृद्ध मेंटॉर म्हणजे तर रूप पालटून आलेली अथीना देवीच असते, आणि तीही काम होताच पाखरासारखी निघून जाते.

एक खेळ मात्र मला चिरंजिवांनी दाखवला नसता, तर बरे झाले असते. त्याचे नाव 'जेड एम्पायर'. कॅनडातल्या बायोवेअर या कंपनीने तो २००५ साली काढला. त्यात ली नावाचे एक वृद्ध गुरू एका अनाथ पोराला लहानाचे मोठे करतात, युद्धविद्या शिकवतात. गुरूंना शत्रू पळवून नेतो. शिष्य देशभर त्यांच्यासाठी झगडतो, त्यांना सोडवतो. आणि मग कळते, की गुरूंचा डाव वेगळाच होता. शिष्याला शिकवताना त्यांनी त्याच्या विद्येत एक खोट मुद्दाम ठेवून दिली होती. दुसऱ्या कुणाला न दिसणारी. वेळ येताच तेवढ्याच जागी घाव घालून ते त्याला मारतात.

त्या रात्री मला झोप आली नाही. द्रोणांनी एकलव्याचा अंगठा मागितला, तो निदान उघड मागितला. परशुरामांनी कर्णाला शाप दिला, पण फसवणूक उघडकीस आल्यावर. शिकवतानाच खोट ठेवणारा गुरू हा मला नवीन होता; आणि पहाटे तीनच्या सुमारास तो तितकासा नवीन वाटेनासा झाला. वर्गात एखाद्या मुलीने पुस्तकाबाहेरचे काही विचारले, की "ते परीक्षेला येत नाही" असे मी सांगतो. कविता शिकवण्याआधी तिचे 'महत्त्वाचे मुद्दे' फळ्यावर लिहून देतो. मुले ते उतरवून घेतात, पास होतात, पेढे आणून देतात. कवितेपुढे एकटे उभे राहायची वेळ आली, म्हणजे ती कुठे कोसळणार, ती जागा मला ठाऊक असते; कारण ती मीच ठेवलेली असते. मी काही दुष्ट नव्हे. मला पोर्शन संपवायचा असतो. पण घाव तर तिथेच बसणार ना?

सकाळी चहा पिताना चिरंजिवांनी सहज विचारले, "बाबा, तुमच्या गुहेतल्या म्हाताऱ्यानं तुम्हाला काय दिलं होतं?"

"एक ट्रंक," मी म्हणालो. आणि म्हणून गेल्यावर जीभ चावली.

ती गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नव्हती. एम.ए.ला मला जे सर होते, ते आयुष्यभर शब्द गोळा करीत हिंडले. पुस्तकातले नव्हेत, शेतकऱ्यांचे, कुंभारांचे, सुतारांचे, लोहारांचे. सुट्टी लागली, की सर एसटीने खेड्यापाड्यांत जायचे. पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर एकेक शब्द, त्याचा अर्थ, कुणी सांगितला त्याचे गाव, आणि जमेल तिथे पेन्सिलीने काढलेले लहानसे चित्र. अशा कार्डांनी भरलेली एक पत्र्याची ट्रंक होती. मला नोकरी लागली त्या साली, म्हणजे २२ वर्षांपूर्वी, जून महिन्यात सरांनी मला घरी बोलावले. "ही तुझ्याकडे ठेव," एवढेच म्हणाले. मला भरून आले. सरांनी आपले अपुरे काम माझ्या हवाली केले, असे मी समजलो. हे शब्द लावायचे, त्यांत भर घालायची, त्यावर प्रबंध लिहायचा. पीएच.डी.ला नावही नोंदवले.

पुढे काय झाले, ते सांगायला नकोच. नवी नोकरी, मग लग्न, मग घराचे हप्ते, मग समित्या, मग त्या समित्यांचे अहवाल. नोंदणीची मुदत संपून गेली. सरांकडे जायचो तेव्हा ते विचारीत, "काय रे, ट्रंकेचं काय?" आणि मी म्हणायचो, "चालू आहे, सर." ही थाप मी पुष्कळ वर्षे मारली. मग थाप मारायचीही लाज वाटू लागली आणि मी जाणेच बंद केले. आधी दिवाळीला पत्र असे, मग फोन, मग तोही नाही. अकरा वर्षे झाली. त्यांच्या गावावरून जाणाऱ्या एसटीत बसलो, तर स्टँड येताच मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरीत असे. इकडे ट्रंक माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या सांगाड्याखाली.

सुट्टीच्या शेवटच्या दिवसांत चिरंजीव त्यांच्या खेळातल्या राजवाड्यापर्यंत पोहोचले. पठारावरचा तो लबाड म्हातारा कोण, हे तोवर मला कळले होते. तो त्या राज्याचा राजा. शंभर वर्षांपूर्वीच तो मेला. पठारावर राहिला होता तो त्याचा आत्मा, तरुणाला वाटेला लावण्यापुरता थांबलेला. चार ठेवे आणून दिल्यावर तो हे सांगतो आणि विरून जातो. आता त्या पडक्या वाड्यातल्या एका लपलेल्या खोलीत त्याची रोजनिशी सापडली. राजाला एक मुलगी होती. तिला जुन्या यंत्रांचा अभ्यास करण्याची हौस, आणि राज्यावर संकट येणार म्हणून बापाने तो अभ्यास बंद पाडलेला; तिला फार कठोर बोललेला. रोजनिशीच्या शेवटी त्याने लिहून ठेवले आहे, की ती डोंगरावरून परत आली, म्हणजे राजा म्हणून नव्हे, बाप म्हणून तिच्याशी मायेने बोलेन. संकट कोसळले ते त्याच दिवशी.

चिरंजिवांनी कळ दाबली नाही. पानावरचे सगळे सावकाश वाचले. मग म्हणाले, "त्याचं बोलायचं राहूनच गेलं, बाबा."

मी उठलो, स्टूल घेतले आणि माळ्यावरून ट्रंक काढली.

रात्री जेवणे झाल्यावर ती उघडली. कार्डे पिवळी पडली होती, पण अक्षर तसेच. पहिलाच गठ्ठा मोटेचा होता. मी मराठीचा प्राध्यापक. पण खरे सांगतो, त्यातले निम्मे शब्द मी केवळ पुस्तकात वाचलेले होते. विहिरीतून मोट ओढणारा जाड दोर तो नाडा. मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. बैल ज्या उतारावरून चालतात ती धाव. पाणी जिथे ओतले जाते ते थारोळे, आणि तिथून पाट. एका विहिरीभोवती एवढे शब्द उभे होते! मोटा गेल्या, इंजिने आली, विजेचे पंप आले. शब्द कुठे जाणार? ते माझ्या माळ्यावर येऊन बसले होते.

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंक घेऊन निघालो. "मी येऊ का?" असे चिरंजिवांनी आपण होऊन विचारले. ट्रंकेचे एक कान त्यांनी धरले, दुसरे मी.

सर ८२ वर्षांचे झाले आहेत. ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. दृष्टी अधू झाली आहे; आवाजावरून मला ओळखले. मी पाया पडलो. काय बोलावे ते सुचेना. ट्रंक त्यांच्या पायांपाशी ठेवून म्हणालो, "सर, मला जमलं नाही. प्रबंध झाला नाही. इतकी वर्षं तोंड दाखवायची लाज वाटत होती."

"कसला प्रबंध?" सर म्हणाले.

मी सगळे सांगितले. सर ऐकत राहिले. मग ट्रंकेवर हात फिरवीत म्हणाले, "अरे वेड्या, त्या साली माझं घर गळत होतं. कौलं बदलायला काढली होती. ट्रंक भिजेल म्हणून मी ती तुझ्या खोलीवर ठेवायला दिली. पावसाळा संपला, की तू आणून देशील म्हणून वाट बघत होतो."

"मग मागितली का नाहीत, सर?"

"कशी मागू? येशील तेव्हा विचारायचो, तर तू म्हणायचास, चालू आहे. मला वाटलं, पोरगं वाचतंय. वाचतंय त्याच्या हातातून काढून कसं घ्यायचं?"

हसावे की रडावे, ते मला कळेना. मी ज्याला ओझे समजून पळत होतो, ते ओझे मुळी मला दिलेलेच नव्हते. आणि मी पळत होतो म्हणून एका माणसाला त्याच्याच शब्दांवाचून २२ वर्षे बसावे लागले होते. शिष्याच्या विद्येत गुरूने ठेवलेल्या खोटीचा मी रात्रभर विचार केला होता. ही खोट कुणी ठेवली होती? "चालू आहे, सर" हे तीन शब्द माझेच होते.

"आता डोळ्यांनी दिसत नाही रे," सर म्हणाले. "वाच बघू त्यातलं थोडं."

मी मोटेचा गठ्ठा काढला आणि वाचू लागलो. सर मान हलवीत होते. एखाद्या कार्डावर थांबवून ते सांगणाऱ्याची आठवण सांगत. तो माणूस किती हसरा होता, त्याच्या घरची भाकरी कशी होती. चिरंजीव पायरीवर बसले होते. मध्येच म्हणाले, "पण आजोबा, मोट म्हणजे नक्की काय असतं?"

सर खुर्चीत पुढे सरकले. खांद्यावरचा पंचा काढून त्याची मोट केली. तांब्याच्या तोंडाची विहीर झाली. बैल पुढे कसे जातात, नाडा कसा ताणला जातो, सोंड वर दुमडून सोंदुराने कशी धरलेली असते, आणि वर आल्यावर पाणी धबकन थारोळ्यात कसे पडते, ते त्यांनी दोन्ही हातांनी करून दाखवले. तोंडाने बैलांना हाकही घातली. पाच मिनिटे लागली असतील. मग थोडी धाप लागली, तेव्हा थांबून म्हणाले, "कळलं का? की पुन्हा सांगू?"

माझ्या छातीत धस्स झाले. पोरगे आता "कळलं!" म्हणणार.

"पुन्हा सांगा, आजोबा," चिरंजीव म्हणाले. "ती सोंड कशी दुमडते, ते नीट दिसलं नाही."

आता या गोष्टीला वर्ष झाले. पीएच.डी. मी काही करणार नाही. वाचकांनी तशी अपेक्षा ठेवू नये. सरांनी ट्रंक पुन्हा माझ्याकडेच दिली, पण या वेळी स्पष्ट सांगून दिली. महिन्यातून एका रविवारी आम्ही दोघे एक गठ्ठा घेऊन त्यांच्याकडे जातो. मी वाचतो, सर दुरुस्त करतात, आणि घरी आल्यावर चिरंजीव ती कार्डे संगणकावर उतरवतात. सरांच्या प्रकृतीला चढउतार आहे. सगळी ट्रंक होईल की नाही, सांगता येत नाही. वर्गात फळ्यावर मुद्दे लिहून देण्याआधी मी आता कविता दोनदा नुसती वाचतो. काही मुले उठून जातात. जाऊ देत. गुहेत शिरायची सक्ती नाही.

चिरंजीव अजून खेळतात, पण आधी कार्डे होतात. परवा चकल्यांचा घाणा पुन्हा सुरू झाला, तेव्हा स्वयंपाकघरातून नेहमीचा प्रश्न आला, "अहो, त्याला दोन शब्द सांगितलेत का?"

"दोन कसले?" मी म्हणालो. "रोज वीस सांगतोय."